सहभागी क्रमांक सतरा

सोहारच्या बंदरामागं, विद्यापीठाच्या तळघरात,
माझं काम मांड्या मोजण्याचं.
हसू नका, पगार याचाच मिळतो.
गार जेल लावायचं, प्रोब टेकवायचा,
पडद्यावर करडे थर : कातडी, चरबी, स्नायू, हाड.
दोन पांढऱ्या रेघांमधलं अंतर
मिलिमीटरमध्ये लिहायचं आणि वर बघायचं नाही.
परक्या पुरुषाची मांडी मोजताना
नजर यंत्रावर असलेली बरी.

अठ्ठेचाळीस जण, बारा आठवडे.
निम्म्यांना क्रिएटिन, निम्म्यांना मक्याची भुकटी,
तितकीच पांढरी, तितकीच बेचव.
कुणाला काय ते मलाही ठाऊक नाही,
पाकिटं मस्कतहून नुसते आकडे लावून येतात.
क्रमांक नऊ, बँकेतला हिशेबनीस,
आरशात दंड फुगवून दर वेळी विचारतो,
"मला खरीच मिळतेय ना?
मला आतून जाणवतंय."

अर्जातला पहिला प्रश्न : व्यायाम करता का?
मुनाफ मुकादम, मूळ गाव बाणकोट,
बंदरात परांच्या बांधतो,
लोखंडी नळ्या खांद्यावरून चौथ्या मजल्यापर्यंत.
त्यानं 'नाही'वर खूण केली.
"व्यायामाला वेळ कुठंय, मॅडम?"
नियमात बसत होतं.
अप्रशिक्षित पुरुष, वय एकोणतीस. घेतला.
पहिल्याच मोजणीत त्याचं हाड दिसेना,
यंत्राची खोली वाढवावी लागली मला.

जून. दुपारी बाहेरची कामं बंद,
समुद्रावरून ओल्या फडक्यासारखा वारा.
संध्याकाळी सातला तो यायचा,
बूट बाहेर काढून ठेवायचा,
आम्ही सांगू तितक्या बैठका मारायचा
आणि रिकामी पाकिटं टेबलावर मांडायचा.
कात्रीनं सरळ कापलेली, एकही कमी नाही.
इतका प्रामाणिक माणूस मी अहवालात लिहिला नव्हता.

बाराव्या आठवड्यात दोन मिलिमीटर वाढ.
मी वर बघितलं, चुकून.
तो म्हणाला, "मॅडम, एक सांगू? रागावू नका."

पाकिटं तो फोडायचा,
पण टँगच्या बरणीत ओतायचा.
खोलीतला एक जण रजेवर निघाला, त्याच्याबरोबर
बरणी बाणकोटला गेली, धाकट्या भावाकडं.
भाऊ कबड्डी खेळतो. डावा रेडर.
आता एका चढाईत तिघांना घेऊन येतो.
फोनवर आवाज ऐकवला मला :
"भाईजान, पावडर एक नंबर. पोटऱ्या दगड झाल्यात."

मग हा कशानं वाढला?
"तुम्ही मोजायला लागलात,
म्हणून रात्री नीट जेवायला लागलो.
अंडी, लबान. लाज वाटायची हो,
एवढं मोठं यंत्र, त्यात काय दाखवायचं."

आमच्या शास्त्रात यालाही नियम आहे :
ज्याच्या नावावर जे ठरलं
ते त्याच्याच खात्यावर मोजायचं,
त्यानं गिळलं असो वा वाटलं.
म्हणजे सतरा गळणार नाही.
'पाकिटं न घेतल्याचं सांगितलं',
टिपणाच्या रकान्यात एवढंच लिहिलं.
भावाला रकाना नव्हता.

गुरुवारी लिफाफे उघडले.
नऊ : मका.
सतरा : मका.

मी फोन केला. सांगायलाच हवं होतं.
नळ्या आपटल्याचे आवाज, कुणीतरी पंजाबीत ओरडत होतं,
मग तो इतका हसला की खोकला लागला.
"मका? नुसता मका?
आमच्या आवाठात कोंबड्यांना घालतात तो?"
पुन्हा हसला.
मग एकदम हळू, जवळ येऊन बोलल्यासारखा :

"मॅडम, रविवारी फायनल आहे दापोलीला.
तोवर त्याला कळू देऊ नका."

मी त्याच्या भावाला ओळखत नाही. नंबरही नाही माझ्याकडं.
तरी म्हटलं, "नाही सांगत."